कामावर मोबाईल गेटलाच जमा, तुमच्याकडं काय नियम हाय?

शिरोलीवाला: शिरोली एमआयडीसीत सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) हाय मी, या महिन्यापास्नं गेटवरच मोबाईल काढून घ्यायलेत, रील्स बघणाऱ्या चार पोरांमुळं सगळ्यांची पंचाईत, घरी आई आजारी असत्या तिचं काय झालं तर कळायचं कसं? सुपरवायझर मात्र दिवसभर व्हॉट्सॲपवर

भट्टीवाला: भावा मी फौंड्रीत हाय, वितळलेल्या धातूचा रस १४०० डिग्रीच्या आसपास असतोय, ओतताना खिशात फोन वाजला आन् हात हलला तर? बंदी पाहिजेच. पण जेवणाच्या सुट्टीत द्यायला काय होतंय यांना

एचआर_ताई: स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका होईल असं कामगारानं मुद्दाम काही करू नये, हे १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टात कलम १११ मध्येच होतं, तेव्हा मोबाईल कुठं होते! तुम्ही गेटचा लँडलाईन नंबर घरी द्या आणि अर्जंट निरोप लगेच मशीनवर पोचवायचा असं लेखी मागा, तोंडी नको.

गोकुळ शिरगावकर: आमच्यात लॉकर हायत, चहाला बघतोय. ड्रॉइंगचे फोटो बाहेर जातील ही पण भीती असत्या मालकांना, नुसत्या रील्स नाहीत

शिरोलीवाला: लँडलाईनचं बरं सुचवलं ताई, उद्याच विचारतो. रातपाळीला वॉचमन फोन उचलंल का बघाय पाहिजे पण