मदत हवी आहे: सेफ डाय घातला आणि बँडच गायब

पिपेटवाली
तातडीने उत्तर हवंय. जेलमधल्या डीएनएच्या रेघा, म्हणजे बँड, यूव्ही उजेडात चमकाव्यात म्हणून आमच्या लॅबमध्ये एथिडियम ब्रोमाइड हा डाय वापरायचे; तो घातक म्हणून बंद करून त्याऐवजी सेफ डाय आणलाय. तेव्हापासून तीन जेल लावली, तिन्ही कोरी. फोटो नुसता काळा. डायचं प्रमाण दोनदा मोजून घेतलंय, तिथे चूक नाही. सोमवारी सरांना फोटो दाखवायचाय आणि नमुना अगदी थोडा उरलाय. दुसरा कोणता डाय मागवू, एवढंच सांगा.

बफरवाला
सेफ डाय असं काही एका डायचं नाव नाही. कोणता आहे? जेल ओतण्याआधी घातला की चालवून झाल्यावर जेल त्यात बुडवलं? एका खान्यात डीएनए किती? आणि लॅडर, म्हणजे शेजारच्या खान्यातला ठराविक मापांचा तयार डीएनए, दिसतोय का?

प्राइमरदादा
डायच्या मागे लागू नकोस, पीसीआरच, म्हणजे डीएनएच्या प्रती काढणंच, झालेलं नाही. माझ्याकडे अशी कोरी जेल आली की दर वेळी अ‍ॅनीलिंगचं तापमान, म्हणजे प्राइमर हे छोटे तुकडे डीएनएला चिकटण्याचं तापमान, नडलेलं असतं. दोन-तीन अंश खाली आण आणि पुन्हा लाव.

पिपेटवाली
दादा, पीसीआर झालाय. हेच नमुने एथिडियमवर ठसठशीत दिसले होते. डाय सायबर सेफ आहे, १०,००० पट दाट स्टॉक. ५० मि.लि. जेलला ५ मायक्रोलिटर, ओतायच्या आधी. लॅडरही दिसत नाही.

बफरवाला
अगं, लॅडर दिसत नाही हे पहिल्याच पोस्टमध्ये सांगायचं होतंस! लॅडर काही तुझ्या पीसीआरमधून येत नाही. तोही नाहीसा झाला म्हणजे दोष डायमध्ये तरी आहे नाहीतर बघण्यात. प्रमाण तर बरोबर वाटतंय. फोटो कशावर काढतेस? दिवा कोणता, कॅमेऱ्यापुढे फिल्टर कोणता?

जुनाजाणता
माझं ऐक, एथिडियमच परत आण. त्याचा फार बागुलबुवा केलाय. जेलमध्ये ते असतं मि.लि.ला ०.५ मायक्रोग्रॅम. हाच पदार्थ गुरांना ट्रिपॅनोसोम या परजीवीच्या रोगावर टोचत आले आहेत. जीवाणूंवरच्या एम्स चाचणीत जे उत्परिवर्तन (डीएनएतला बदल) दिसतं, तेसुद्धा यकृताचा अर्क मिसळल्यावर. मी उभा जन्म त्यावर काढला. रोज हातमोजे घातले, टेबलाचा एक कोपरा त्यासाठी वेगळा ठेवला आणि काम केलं. बँड कसे नारिंगी, स्वच्छ उठतात! नव्या डायच्या नादात मुलांची कामं अडतात, याचं वाईट वाटतं.

हातमोजे
काका, आदर ठेवून सांगते, अर्क मिसळल्यावरच दिसतं हा दिलासा नाही. तो अर्क मिसळतात तो शरीरात काय घडेल हे कळावं म्हणूनच, आणि यकृत आपल्याही अंगात आहे. पातळ जेलपेक्षा मला भीती आहे ती स्टॉकची. १० मिलिग्रॅम प्रति मि.लि. म्हणजे जेलच्या २०,००० पट दाट. तो काय कायम जाणत्या हातातच असतो? पहिल्या महिन्यातली मुलं घाईत टिप बदलतात, थेंब पडतो, तोच हातमोजा दाराच्या मुठीला लागतो. पुढे ती मूठ सगळे उघड्या हाताने धरतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून बोलतेय.

पिपेटवाली, सेफ लिहिलंय म्हणून तूही मोकळ्या हाताने धरू नकोस. तुझा स्टॉक डीएमएसओ या द्रावकात आहे, आणि डीएमएसओ त्वचेतून आत शिरतं, सोबत दुसरे पदार्थही नेतं. नायट्राइलचे मोजे घाल.

फळाशिक्षिका
मी वर्गात मिथिलीन ब्लू वापरते. यूव्ही लागतच नाही. जेल डायमध्ये बुडवायचं, मग साध्या पाण्यात ठेवून पाणी बदलत राहायचं. आधी सगळं जेल निळंशार असतं. हळूहळू भोवतीचा रंग उतरतो आणि निळ्या रेघा वर येतात, तेव्हा मुलं ट्रेवरून मान हलवत नाहीत. डीएनए मात्र भरपूर घालावा लागतो, पुसट बँड त्यात सापडत नाहीत. हवी असेल तर पूर्ण कृती टाकते.

पिपेटवाली
बाई, आभार, पण माझा नमुनाच थोडा आहे. दिवा जेल डॉकचाच (जेलचा फोटो काढायचं यंत्र), ३०२ नॅनोमीटर यूव्ही. फिल्टरचं माहीत नाही, जो होता तोच आहे. कोणता डाय मागवू हे कुणी सांगेल का?

निळादिवा
काहीही मागवू नकोस, थांब. शेवटचं जेल टाकून दिलंस का? नसेल तर सुट्या ट्रान्सइल्युमिनेटरवर (खालून यूव्ही देणाऱ्या पेटीवर) ठेव, यूव्हीची ढाल तोंडावर घे, मनगटं झाक आणि नुसत्या डोळ्यांनी बघ. दहा सेकंद पुरेत. कॅमेरा मध्ये आणू नकोस. काय दिसतं ते लिही.

जुनाजाणता
डोळ्यांनी काय दिसणार, डाय लागलाच नसेल तर. जेल उकळतं असताना डाय घातला असेल, तो मेला असेल.

निळादिवा
काका, सायबर सेफ जेलच्या गरम अ‍ॅगरोजमध्ये घालायला चालतो. आधी तिला बघू द्या.

पिपेटवाली
आहेत!! सकाळचं जेल फॉइलमध्ये गुंडाळून ठेवलं होतं. ढाल घालून पाहिलं तर लॅडरच्या सगळ्या पायऱ्या हिरव्या, माझे बँडही हिरवे! लगेच तेच जेल डॉकमध्ये ठेवलं, तर पुन्हा काळं. हे कसं काय?

निळादिवा
मग तुझा डाय ठणठणीत आहे. आडवा आलाय तो फिल्टर. डीएनएला चिकटलेलं एथिडियम ६०० नॅनोमीटरच्या आसपास नारिंगी उजेड देतं. तुमच्या जेल डॉकचा फिल्टर तेवढाच उजेड आत सोडतो, बाकी सगळा अडवतो. सायबर सेफचा उजेड साधारण ५३० नॅनोमीटरचा, म्हणजे हिरवा. तो कॅमेऱ्यापर्यंत पोचतच नाही. डोळ्यापुढे तो फिल्टर नव्हता म्हणून तुला दिसलं. कॅमेऱ्याखाली फिल्टरची चकती किंवा खण असेल, त्यात हिरव्याचा फिल्टर आहे का बघ. नसेल तर तेवढाच मागव.

बफरवाला
म्हणूनच मी आधी फिल्टर विचारला होता. नारिंगी फिल्टर बदलायचाच नसेल तर जेलरेड हा डाय चालतो, त्याचा उजेड एथिडियमसारखाच ६००च्या घरात. तो रेणू मुद्दाम मोठा बांधलाय, पेशीच्या पटलातून आत शिरू नये म्हणून.

हातमोजे
खरंय, पण जेलरेड ओतायच्या आधी घातला आणि खान्यात डीएनए जास्त झाला की बँड पसरतात, लॅडरसुद्धा तिरपा चालतो. डीएनए कमी भरायचा, नाहीतर जेल चालवून झाल्यावर नेहमीच्या तीन पट दाट जेलरेडच्या पाण्यात अर्धा तास बुडवायचं.

पिपेटवाली
सापडली चकती! हिरवा फिल्टर पहिल्यापासून आतच होता, कुणी कधी फिरवलाच नव्हता. आता फोटो आला. शिवाय एक सांगायचं राहिलं, यातला एक बँड कापून क्लोनिंगला (तो तुकडा जीवाणूत घालून वाढवायला) वापरायचाय. तो यूव्हीवरच कापू ना?

निळादिवा
अगं, हे केवढं महत्त्वाचं, आणि आता सांगतेस! ३०२ नॅनोमीटरवर जेल धरून बँड कापत बसलीस तर डीएनएत शेजारचे थायमिन एकमेकांना जोडले जातात. मग क्लोनिंगमध्ये जीवाणूंच्या वसाहती मोजक्याच येतात आणि माणूस डीएनए जोडणाऱ्या एन्झाइमला, लायगेजला, दोष देत बसतो. सायबर सेफचा खरा फायदा इथे आहे. तो ५०० नॅनोमीटरच्या आसपासही उजेड शोषतो, म्हणून ४७०च्या निळ्या दिव्यावर, अंबर काचेतून बघत, सावकाश कापता येतं. डीएनएही शाबूत आणि डोळेही. निळा दिवा मिळतच नसेल तर ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही वापर आणि हात भरभर चालव. बफरवाला म्हणतो तो जेलरेड निळ्यावर नीट उजळत नाही. त्याचा जोडीदार जेलग्रीन उजळतो.

जुनाजाणता
हे मात्र मान्य. आमच्या वेळी निळा दिवा असता तर कित्येक लायगेशन वाचली असती. बरं, कपाटातलं उरलेलं एथिडियम ब्लीच ओतून टाका, फिकं झालं की काम झालं.

हातमोजे
काका, नको! रंग गेला तरी ब्लीचमुळे त्यातून दुसरे उत्परिवर्तक पदार्थ तयार होतात. पातळ द्रावण सक्रिय कोळशातून गाळायचं, कोळसा आणि स्टॉक दोन्ही घातक कचऱ्यात द्यायचे. सिंकमध्ये थेंबही नको.

पिपेटवाली
निळा दिवा शेजारच्या लॅबमध्ये मिळाला. बँड कापला, वजन करून फ्रीजरमध्ये ठेवला. चकतीवर चिठ्ठी चिकटवली: खूण १ नारिंगी, खूण २ हिरवा. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार, माझा नमुना वाचला. फक्त चौथ्या खान्यात ठरलेल्या बँडखाली आणखी एक पुसट बँड दिसतोय. एथिडियमवर तो दिसला नव्हता.

प्राइमरदादा
चौथ्या खान्याचे प्राइमर कोणते? आणि अ‍ॅनीलिंग किती अंशांवर ठेवलं होतंस? आता खाली नको, दोन अंश वर ने.