आईबाबा इंग्लंडला आले की कॉट्सवोल्ड्सच का? बेरी सेंट एडमंड्सला न्या, तेही बाजाराच्या दिवशी

सफककर (धागाकर्ता): भारतातून आईबाबा आले की सगळे त्यांना कॉट्सवोल्ड्स या टेकड्यांच्या भागातल्या बिबरी गावाला नेतात, दगडी घरांची एक ओळ, तिच्यासमोर फोटोला गर्दी, पार्किंग शोधण्यात अर्धा दिवस जातो आणि मग घरी. माझं मत स्पष्ट आहे, त्यापेक्षा पूर्व इंग्लंडातल्या सफक काउंटीतलं बेरी सेंट एडमंड्स कितीतरी चांगलं, पण जायचं बुधवारी नाहीतर शनिवारी, कारण तेव्हा बाजार भरतो. कॉर्नहिल आणि बटरमार्केट या गावातल्या चौकांमध्ये भाजी, फळं, ब्रेड, कपडे मांडलेले असतात आणि गावातली माणसं खरोखर आठवड्याचं सामान घ्यायला आलेली असतात. आपल्याकडे आठवडी बाजार बघितलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. बाजाराच्या तोंडाशीच ११८० च्या सुमाराचा मॉयझेस हॉल (जुनी दगडी इमारत) आहे, आणि उतारावरून खाली आलात की अ‍ॅबीचे, म्हणजे जुन्या ख्रिस्ती मठाचे, अवशेष आणि बाग, फुकट.

मिरजवाली: अजिबात पटलं नाही. चार स्टॉल सोडले तर तीच चेनची दुकानं जी रीडिंग शहरातही आहेत. गुरांचा बाजार जिथे भरायचा त्या जागेवर २००९ ला आर्क नावाचं शॉपिंग सेंटर उभं राहिलं, मग मार्केट टाऊन (बाजाराचं गाव) म्हणण्यासारखं राहिलं काय? आणि अ‍ॅबी म्हणजे गोट्यांचे ढिगारे, माझ्या सासूबाई दुखरे गुडघे घेऊन तिथवर चालत आल्या आणि म्हणाल्या, हे बघायला एवढ्या लांब आणलंस?

सफककर: ढिगारे का आहेत तेवढं सांगितलं असतंत तर त्यांना वेगळं दिसलं असतं हो. १५३९ ला राजा आठव्या हेन्रीने मठ बंद केला आणि मग भिंतींचे बाहेरचे घडीव दगड लोकांनी नेले, आतला भराव तेवढा उरला. मठाच्या चर्चच्या पश्चिम भिंतीत तर चक्क घरं बांधलीत, कमानीच्या आत खिडक्या-दारं, आणि लोक राहतात तिथे! असं मी इंग्लंडात दुसरीकडे पाहिलेलं नाही.

बार्शीकर_केंब्रिज: मला वाटतं दोघांचंही मुख्य गोष्टीकडे लक्ष नाहीये. हे गाव मठाच्या मालकीचं होतं, रस्त्यांची चौकटच अकराव्या शतकात अ‍ॅबट (मठाधिपती) बाल्डविनने आखली, बाजारावर हक्क मठाचा, उत्पन्न मठाचं, आणि व्यापारी त्याला इतके वैतागले की १३२७ ला त्यांनी मठावर हल्ला करून दरवाजा पाडला. आज अ‍ॅबीसमोरच्या एंजल हिल चौकात जो भव्य दरवाजा दिसतो तो त्यानंतर बांधलेला, जरा निरखून बघा, बाण मारायच्या फटी आहेत त्यात, साधूंच्या दाराला! बाजार कोणाचा यावरून एवढं झालेलं गाव आहे, तिथे स्टॉल मोजत बसू नका.

आणि मिरजवाली ताई, तुमच्या भागातल्या माणसाला तर अजून एक गोष्ट भिडेल. गावाला लागूनच साखर कारखाना आहे, १९२५ पासूनचा, उसाऐवजी बीट, शरद सुरू झाला की शेतातून बीट भरलेल्या ट्रकांची रांग लागते. गुरं गेली पण आसपासच्या शेतीशी असलेलं नातं गेलेलं नाही.

मिरजवाली: कारखान्याचं माहीत नव्हतं, ते बाबांना नक्की आवडेल. पण धाग्याचं शीर्षक "कॉट्सवोल्ड्सच का" आहे ना, तर पहिल्यांदा आलेल्या माणसाला डोळ्यात भरणारं काहीतरी हवं असतं, इतिहास सांगणारं कोणी सोबत नसेल तर बेरी फिकं वाटणारच. मी अजूनही आधी बाथला नेईन.

सफककर: बाथला जाच, पण तो अख्खा दिवस पर्यटकांच्या गर्दीत जातो. इथे थिएटर रॉयल आहे, १८१९ चं, जे १९२५ नंतर बरीच वर्षं शेजारच्या ब्रुअरीने (बिअरच्या कारखान्याने) पिंपं ठेवायला वापरलं आणि आता तिथे परत नाटकं होतात. नाटकवेड्या आईबाबांना एक प्रयोग दाखवा, सकाळी बाजार, संध्याकाळी नाटक.

बार्शीकर_केंब्रिज: केंब्रिजहून इप्सविचची ट्रेन पकडा आणि वाटेत बेरीला उतरा, कारची गरज नाही, स्टेशनपासून गावात चालत जाता येतं. गुडघे दुखत असतील तर टॅक्सी करा आणि एंजल हिललाच उतरा, म्हणजे अ‍ॅबीपर्यंत चालणं टळतं. रविवारी मात्र जाऊ नका, बाजार नसतो.