मदत हवी आहे: वजनाच्या स्लीव्ह ऑपरेशनला चार महिने झाले, चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) पंगतीत कशी बसू?

फोंडेकरीण:

नमस्कार. पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

वय ३८, उंची १५५ सेंमी. एप्रिलात वजन १०४ किलो होतं, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४३. सात वर्षं शुगर, गुडघे दुखायचे आणि घोरणं इतकं की नवरा बाहेरच्या खोलीत झोपायचा. सगळ्या तपासण्या करून डॉक्टरांनी स्लीव्ह सुचवलं, म्हणजे जठराचा पाऊण भाग काढून टाकतात आणि केळ्यासारखी एक अरुंद नळी तेवढी ठेवतात. ऑपरेशन नीट झालं, तिसऱ्या दिवशी घरी आले. आज वजन ८२ आहे, शुगरची एक गोळी बंद झाली आणि दुसरी अर्ध्यावर आली. देवळाच्या पायऱ्या आता मध्ये न थांबता चढते. ऑपरेशन केलं याचं मला जराही वाईट वाटत नाही, हे आधीच सांगते, कारण "करायलाच नको होतं" असं सांगणारे खूप भेटलेत.

अडचण वेगळी आहे. नवरा आणि सासूबाई सोडून घरात कोणाला खरं माहीत नाही. बाकी सगळ्यांना पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन असं सांगितलंय. तेव्हा ते सोपं वाटलं होतं. आता चवथ आली. आमचं मूळ घर मोठं आहे, चवथीला तीन चुली एकत्र येतात, पस्तीस-चाळीस पानं होतात, आणि पानात टाकलेलं आमच्याकडे अजिबात चालत नाही. मला जातं चार-पाच चमचे. पाचव्या चमच्यानंतर पुढचा घास उतरतच नाही.

श्रावणात काकींच्या घरी सत्यनारायण होता. मी कमी खातेय हे कोणाला कळू नये म्हणून भराभर जेवले, शीत (भात) आणि वरण. तिसऱ्या-चौथ्या घासाला छातीच्या मधोमध दगड अडकल्यासारखं झालं, तोंडाला पाणी सुटलं, लाळ थांबेना. हात न धुताच उठले आणि मागच्या दारी विहिरीकडे जाऊन ओकले. परत आले तर काकी सगळ्यांसमोर म्हणाल्या, "गोड बातमी की काय गे?" आमच्या लग्नाला बारा वर्षं झालीत, मूल नाही. मी काही बोलले नाही, पण त्या रात्री झोप लागली नाही.

आणि केस. न्हायल्यावर मोरीच्या जाळीवर मूठभर केस निघतात. वेणी बोटाएवढी राहिलीय.

बाकी ठीक आहे. म्हणजे गेले आठ-दहा दिवस पेजेशिवाय काही टिकत नाही, दिवसातून एकदोनदा उलटी होतेच, म्हणून उकड्या तांदळाची पेज आणि लोणच्याची फोड यावरच आहे. श्रावण पाळला म्हणून नुस्तं (मासे) बंद, अंडं बंद. प्रोटीन पावडरीच्या वासानेच मळमळतं. गोळ्याही पडतात म्हणून सोडल्या. रात्री पायाला मुंग्या येतात, अशक्तपणाच असेल. तीन आठवडे वजनही हललं नाही.

तर मला विचारायचंय, तुमच्यापैकी कोणी असं मोठ्या कुटुंबात निभावलंय का? पंगतीत कसं बसता? लोकांना सांगितलंत का? आणि केस परत येतात का?

मडगाव_ताई:

बाय, आधी केसांचं सांगते म्हणजे तुझा जीव थोडा खाली बसेल. माझं वजनासाठी पोटाचं बायपास झालं त्याला सहा वर्षं होतील. माझे केस चौथ्या महिन्यात असेच गेले, मी तर आरशाला टॉवेल टाकून ठेवला होता. शरीराला एकदम मोठा धक्का बसला की मुळं एकदमच विश्रांतीला जातात आणि तीनेक महिन्यांनी गळतात, बाळंतपणानंतर गळतात ना, तसंच. मुळं मेलेली नसतात. दहाव्या महिन्यात माझ्या कपाळावर बारीक लव दिसायला लागली. पण एक आहे, पोटात प्रोटीन आणि लोह गेलं नाही तर ते गळणं लांबतं. आम्हाला दिवसाला कमीत कमी ६० ग्रॅम प्रोटीन सांगितलेलं. तुझ्या पेजेत ते कुठून येणार गे? पेज घशाखाली सुरळीत उतरते म्हणून बरी वाटते, पण तिच्यात जवळजवळ नुसता स्टार्च.

पंगतीचं म्हणशील तर मी पहिली दोन वर्षं वाढायला उभी राहिले. पदर खोचायचा आणि हातात पातेलं घ्यायचं. वाढणारी काय जेवली ते कोणी बघत नाही. सगळ्यांचं झालं की स्वयंपाकघरात शांतपणे वाटीत घेऊन बसायचं.

सांगायचं की नाही ते तुझं तू ठरव. मी नणंदेला सांगितलं आणि दोन दिवसांत सगळ्या वाड्याला कळलं. आठवडाभर रडले, मग सुटल्यासारखं झालं.

डिचोलीवाला:

ताईंचा मान राखून सांगतो, वाढायला उभं राहायचं मला पटत नाही. माझं स्लीव्हच आहे, दोन वर्षं झाली, आणि मी नेमका तिथेच फसलो. मी बहिणीच्या लग्नात वाढायला उभा होतो, तिथे येता-जाता एक भजं, इथे चमचाभर पायस, आणि शेवटी दमून उभ्या-उभ्या दोन मिनिटांत जेवलो आणि अडकलं. आपल्याला घाई आणि येता-जाता तोंडात टाकणं, दोन्ही चालत नाही. वहिनी, तुम्ही मुलांच्या पहिल्या पंगतीला बसा. मुलांच्या पानात थोडंथोडंच वाढतात आणि ती हळू जेवतात. मी चहाचा चमचा घेऊन बसतो, एक घास खाल्ला की चमचा खाली ठेवतो. वीस-पंचवीस मिनिटं लागली तर लागू देत.

जेवताना पाणी नाही आणि जेवल्यावर अर्धा तास नाही हे सगळ्यांना सांगतात, पण सोलकढी आणि कढी म्हणजेही पाणीच हे मला सहा महिन्यांनी कळलं! आपल्याकडे पानात मध्येच सोलकढी येते आणि आपण पितो. ती जेवणाआधी तासभर घ्या.

चवथीच्या पानात तुमच्या कामाचं आहे ते मुगागाठी, म्हणजे मोड आलेल्या मुगांची भाजी, प्रोटीन त्यातच. आधी तेच खायचं. मग खतखत्यातल्या भाज्यांची मऊ फोड, आणि शीत शेवटी, जागा उरली तर. ताजं शिजलेलं शीत पोटात गोळा होतं, चपातीचंही तेच. नेवरी (करंजी) अर्धी घ्या, बाकीची नवऱ्याच्या पानात टाका. माझी बायको आता न विचारताच माझी नेवरी उचलते.

वजन थांबलंय त्याची काळजी करू नका, मला दोनदा थांबलं होतं.

पेडण्याचा:

मी पुढच्या दोन महिन्यांत करणार आहे, म्हणून सगळं वाचतोय. विम्याचं कोणाला माहीत आहे का? आमचा एजंट म्हणतो वजनाचं ऑपरेशन पॉलिसीत बसतच नाही.

डिचोलीवाला:

बसतं, पण अटी आहेत. बीएमआय ४० च्या वर पाहिजे, किंवा ३५ च्या वर आणि सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडकणं किंवा आटोक्यात नसलेली शुगर यातलं काहीतरी पाहिजे. डॉक्टरांनी लेखी सल्ला दिलेला पाहिजे आणि पॉलिसीचा वेटिंग पीरियड संपलेला पाहिजे. एजंटला तोंडी विचारू नका, कागद काढून वाचा. यावर वेगळा धागा काढा ना, इथे ताईंचं चाललंय.

वॉर्डातली:

मी नर्स आहे, सर्जरीच्या वॉर्डात बरीच वर्षं काढलीत. फोंड्याच्या ताई, पंगत आणि केस आत्ता बाजूला ठेवा. तुम्ही मधेच जे सहज लिहिलंय तेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतंय.

आठ-दहा दिवस रोज उलटी, गोळ्या बंद, पोटात फक्त पेज, आणि पायाला मुंग्या. हा अशक्तपणा म्हणून सोडून द्यायची गोष्ट नाही. बी१ म्हणजे थायमिन शरीरात फार साठत नाही, दोन-तीन आठवड्यांचा साठा असतो, आणि उलट्या चालू असल्या की तो झपाट्याने संपतो. तो संपला की नसांवर परिणाम होतो आणि पुढे मेंदूवर. मुंग्या बी१२ कमी झाल्यानेही येतात, पण कुठलं आहे ते घरी बसून ठरवता येत नाही. आजच्या आज तुमच्या सर्जनला फोन करा आणि जा. ते भेटले नाहीत तर गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) कॅज्युअल्टीला बांबोळीला जा. चालताना तोल जात असेल, एकाचे दोन दिसत असतील, बोलताना गोंधळ होत असेल तर १०८ ला फोन करायचा, गाडीची वाट बघत बसायचं नाही.

आणि एक फार महत्त्वाचं. जवळच्या दवाखान्यात जाऊन "अशक्तपणा आहे, एक सलाईन लावा" असं करू नका. नुसतं ग्लुकोजचं सलाईन आधी गेलं तर उरलंसुरलं थायमिनही संपतं आणि त्रास वाढतो. आधी थायमिन, मग ग्लुकोज. म्हणून दारातच सांगायचं, माझं चार महिन्यांपूर्वी स्लीव्ह झालंय, दहा दिवस उलट्या आहेत, पायाला मुंग्या आहेत. पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन असं तिथे सांगू नका बाय. घरच्यांना काय सांगायचं ते नंतर बघू, डॉक्टरला खरंच सांगायचं.

उलट्या का होतात तेही बघावं लागेल. भराभर खाण्याने असेल, नळी कुठे अरुंद झाली असेल. ते दुर्बिणीतून कळतं.

फोंडेकरीण:

आत्ता वाचलं. नवऱ्याला दाखवलं. काल संध्याकाळी अंगणात चालताना एकदा तोल गेला होता, मला वाटलं पावसाने शेवाळ धरलंय म्हणून. निघतोय.

मडगाव_ताई:

माझ्या डोळ्यांसमोरून ते वाक्य गेलं आणि मी केसांवर लिहीत बसले, वाईट वाटतंय. पोचलीस की दोन शब्द टाक.

फोंडेकरीण:

आज अकरा दिवसांनी लिहितेय. सगळ्यांनी निरोप पाठवले, एकेकाला उत्तर देता आलं नाही, रागवू नका.

दारातच सगळं सांगितलं, अगदी वॉर्डातली ताईंनी लिहिलं तसंच, फोन हातात धरून वाचून दाखवलं म्हटलं तरी चालेल. शिरेतून थायमिन लगेच सुरू केलं, बाकीचं सलाईन मग. रक्तात बी१२ही कमी निघालं. दुसऱ्या दिवशी दुर्बीण घातली, नळी अरुंद झालेली नाही, थोडी सूज होती. भराभर जेवणं, घासावर पाणी आणि अॅसिडिटी, सगळं एकमेकांत गुंतलं होतं. चार दिवस ठेवून घेतलं. तोल आता जात नाही. मुंग्या अजून आहेत पण तळव्यापुरत्याच राहिल्यात, पूर्वी पोटरीपर्यंत यायच्या. नसांना वेळ लागतो म्हणाले. थोडे दिवस आणखी गेले असते तर काय झालं असतं ते डॉक्टरांनी नवऱ्याला बाहेर नेऊन सांगितलं, त्याने मला अजून पूर्ण सांगितलेलं नाही.

डाएटिशियनशी तासभर बोलले. मासे-अंडी बंद केलीत तर त्या जागी पनीर, घट्ट दही, मूग यायलाच पाहिजे होतं, शंभर ग्रॅम पनीरात १८ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं. मी ते काढून टाकलं आणि जागा पेजेने भरली. पावडर ताकात घुसळून थंड घेतली तर वास येत नाही, दोन भागांत घेते. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घ्यायची नाही, मध्ये दोन तास पाहिजेत, आणि लोहावर चहा नको. मी तीन महिने दोन्ही एकदम चहाबरोबर घेत होते.

आता चवथ.

मी हॉस्पिटलात होते म्हणून घरी कळणारच होतं. आदल्या संध्याकाळी माटोळी (गणपतीच्या वर फळं-पानं टांगायची चौकट) बांधत होते सगळे आणि आई, म्हणजे सासूबाई, मला म्हणाल्या, "सांग गे तांकां, आमी कितें चोरी केल्या?" (सांग गं त्यांना, आपण काय चोरी केलीय?) मला बोलायला जमेना तर त्यांनीच सांगितलं. माझ्या सुनेचं पोट लहान केलंय, शुगरसाठी, तिला आग्रह करायचा नाही. एवढंच. कोणी फार काही बोललं नाही. काकी थोड्या वेळाने आत आल्या आणि माझ्याजवळ बसून नारळ खवायला लागल्या. सत्यनारायणाच्या दिवसाचं त्या काही बोलल्या नाहीत, मीही काढलं नाही. जाताना माझ्या पाठीवर हात ठेवून गेल्या.

मुलांच्या पंगतीला बसले. आईंनी माझ्यासाठी केळीच्या पानाचं शेंड्याकडचं टोक तेवढं कापून आणलं, हाताएवढं. त्यावर दोन चमचे मुगागाठी, सुरणाची एक मऊ फोड, लिंबाएवढं शीत. पान लहान म्हणून भरलेलं दिसत होतं. पंचवीस मिनिटं लागली, शेजारचा सहा वर्षांचा पुतण्या माझ्याआधी उठला. शीत राहिलं तेवढं नवऱ्याने घेतलं. उलटी झाली नाही.

दुसऱ्या दिवशी पातोळी अर्धी खाल्ली, हळदीच्या पानाचा वास पुरेसा होता.

पेडण्याचे भाऊ, तुम्ही विचारलं नव्हतं तरी सांगते. करायच्या आधीच घरच्या दोघा-तिघांना नीट सांगून ठेवा, आणि त्यातल्या एकाला धोक्याच्या खुणा लिहून द्या. उलट्या थांबत नाहीत, ताप, छातीत धडधड, पोटात किंवा खांद्यात कळ, पायाला मुंग्या. मी लपवलं म्हणून मला विचारणारं कोणी नव्हतं. आईंना पेज जाते म्हणजे बरी आहे असं वाटत होतं, कारण मी त्यांना तेवढंच सांगितलं होतं.

वॉर्डातली ताई, तुमचं नावही मला माहीत नाही. आई रोज दिवा लावताना तुमच्यासाठी हात जोडतात.

बी१२ चं इंजेक्शन सध्या आठवड्याला एक आहे, पुढे किती दिवस ते रक्त बघून ठरणार. सोमवारी रक्त द्यायचंय. ज्यांना मुंग्या आल्या होत्या त्यांच्या किती दिवसांत पूर्ण गेल्या, ते कोणी सांगेल का?