वेंगुर्ले-शिरोडे परिसरातील साहित्यस्थळे एका दिवसात पाहता येतील का?

प्रश्न:
नमस्कार. डिसेंबरमध्ये मी आईला घेऊन पुण्याहून कुडाळला येणार असून, आमच्या हाताशी गाडी आणि एकच पूर्ण दिवस आहे. आई मराठीची निवृत्त शिक्षिका आहे. खांडेकर, जयवंत दळवी आणि खानोलकर तिने वर्षानुवर्षे वर्गात शिकवले, पण त्यांचा मुलूख कधी पाहिला नाही. तिचे वय पंचाहत्तर असल्याने फार चालवत नाही. क्रम कसा ठेवावा? रेडीचा गणपतीही त्यातच बसवता येईल का?

उत्तर १:
कुडाळहून सावंतवाडीमार्गे सकाळीच शिरोडे गाठावे आणि परतताना वेंगुर्ल्याचा रस्ता धरावा. खांडेकरांचा जन्म सांगलीचा. दत्तक गेल्यामुळे त्यांचे सावंतवाडी भागाशी नाते जुळले आणि १९२० साली ते शिरोड्याच्या शाळेत शिक्षक झाले. १९३८ मध्ये कोल्हापूरला जाईपर्यंत ते तेथेच होते. ‘दोन ध्रुव’ आणि ‘उल्का’ याच काळातल्या. आपल्या आईंना त्या शाळेचे आवार पाहून काय वाटेल, हे मी सांगायला नको, म्हणून रविवार मात्र टाळावा. गावाबाहेरची मिठागरेही गाडीतूनच दाखवा, कारण १९३० च्या मे महिन्यात येथे मिठाचा सत्याग्रह झाला, तेव्हा खांडेकर याच गावात शिकवत होते.

लगतचे आरवली हे दळवींचे गाव. तेथील ग्रामदैवत वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्याच्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा असल्याने त्याला भल्यामोठ्या चामडी वहाणा आणि केळ्यांचे घड वाहतात. दळवींचे ‘सारे प्रवासी घडीचे’ वाचलेल्या माणसाने तेथे घाई करू नये. रेडी शिरोड्याच्या पुढे आहे, त्यामुळे गणपती जमेल.

उत्तर २:
वरील क्रम मान्य आहे, पण रेडीबाबत मी असहमत आहे. १९७६ मध्ये खाणीत सापडलेली ती द्विभुज मूर्ती सुंदर आहे. तथापि तिकडे वळलात तर दुपारी खानोलकरांसाठी वेळ उरणार नाही, आणि नेमके तेच वरच्या उत्तरात राहून गेले आहेत. त्यांचा जन्म १९३० चा, वेंगुर्ले तालुक्यातल्या बागलांची राई येथला. पुढे कुडाळात त्यांनी खाणावळ चालवली. म्हणजे आपण जेथे मुक्काम करणार आहात, ते गावही त्यांचेच.

जेवण वेंगुर्ल्यात उरकावे (मंगेश पाडगावकर येथेच १९२९ मध्ये जन्मले) आणि उन्हे कलल्यावर वायंगणीजवळचा कोंडुरा गाठावा. खानोलकरांच्या ‘कोंडुरा’ कादंबरीचे नाव या किनाऱ्याचे आहे. आईंना वाळूत उतरवण्याचा आग्रह धरू नये. गाडीजवळ खुर्ची टाकून बसवले तरी चालेल, फक्त अंधार पडण्याआधी निघावे.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही आभार. रेडी वगळले आहे. आईला विचारले, तर वेतोबासाठी केळ्यांचा घड कुठून घ्यायचा, एवढेच तिने विचारले.

उत्तर १:
शिरोड्याच्या बाजारात पाहा. घड जड असतो, तेव्हा तो उचलण्याचे काम आपणच करावे.