नर्सिंगच्या ट्रेनिंगचे जुने दिवस: तुमचे, आईचे, आत्याचे अनुभव लिहा

परवा आईचं रक्त न्यायला एक मुलगा घरी आला. दंडाला पट्टा बांधला, रक्त काढलं, सुई डब्यात टाकली. आई नव्वदीला टेकलीये, हल्ली बरंच विसरते. पण त्या डब्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "अगं, टाकली का? बोथट कुठे झालीये?"

मग तासभर बोलत होती. 1955 साली ट्रेनिंगला लागली ती. काचेच्या सिरिंजा, दट्ट्या वेगळा, नळी वेगळी, गॉझमध्ये गुंडाळून उकळायच्या. दट्ट्या-नळीच्या जोड्या ठरलेल्या, अदलाबदल झाली की औषध मागून गळणार. रात्रपाळीत सुया दगडावर घासायच्या. मग टोक कापसावरून ओढून बघायचं. धागा अडकला की टोकाला आकडा आलाय, घास परत. "दुखलं की पेशंट माझ्याकडे बघायचा, दगडाकडे नाही," म्हणाली.

तुमच्याकडे कुणी त्या काळातलं असेल तर लिहा. तिला वाचून दाखवायचंय.

चष्मिष्ट: पेनिसिलिन!! मावशी त्या नावानेच वैतागायची. दर तीन-चार तासांनी, रात्रीसुद्धा. गाढ झोपलेल्याला उठवा, कुशीवर वळवा, टोचा. वॉर्डाच्या शेवटच्या खाटेपाशी पोचेपर्यंत पहिल्या खाटेची वेळ झालेली. लहान मुलं तिची पांढरी टोपी दिसली तरी भोकाड पसरायची. त्याचं तिला शेवटपर्यंत वाईट वाटत होतं.

रिकामटेकडा: आमच्या आत्याने पहिल्याच आठवड्यात अख्ख्या वॉर्डाच्या कवळ्या एका भांड्यात धुतल्या. मग कोणाची कुठली ते बसवून बघण्यात सकाळ गेली 😂

उंटावरचा: रिटे, हा किस्सा मी तीन वेगवेगळ्या बायकांकडून ऐकलाय. प्रत्येकीच्याच बॅचला घडलेला.

रिकामटेकडा: माझी आत्या खोटं बोलत नाही. (थोडं बोलते.)

जुनी सिस्टर: मी स्वतः 1962 ची बॅच. नातवाच्या फोनवरून लिहितेय, चुका पोटात घाला. साखर तपासायला पट्ट्या नव्हत्या. परीक्षानळीत बेनेडिक्टचं निळं द्रावण 5 मिलि, त्यात लघवीचे 8 थेंब, आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळंच राहिलं तर सुटलो. नाहीतर हिरवं, पिवळं, केशरी, थेट विटकरी. नळीचं तोंड स्वतःकडे धरू नये असं पहिल्या दिवशी सांगितलं होतं. मी धरलं. पुढचं लिहीत नाही.

इन्सुलिन 20, 40 आणि 80 अशा ताकदींचं यायचं. बाटली न बघता भरलं तर दुप्पट, चौपट जायचं. मॉर्फिन ग्रेनमध्ये, पाव ग्रेन म्हणजे साधारण 15 मिलिग्रॅम. हाताशी अर्ध्या ग्रेनची गोळी आणि डॉक्टरांनी लिहिलाय एक षष्ठांश. करा गणित, रात्री तीनला, कंदिलाएवढ्या उजेडात. अपूर्णांक मी शाळेत नाही, वॉर्डात शिकले.

मोगरी: ताई, विषयांतर करते, माफ करा. बाबा दोन महिने पडून आहेत, कमरेखाली लाल दिसतंय. चोळू का?

जुनी सिस्टर: चोळू नका गं. आम्ही स्पिरिट लावून खसाखसा चोळायचो, वर पावडर. ते चुकीचं होतं हे नंतर कळलं. लाल जागेवर भार येऊ देऊ नका, दोन-दोन तासांनी कूस बदला, चादरीला सुरकुती नको. आणि डॉक्टरांना आजच दाखवा.

मोगरी: 🙏 दुपारी नेते.

गवाक्ष: पोलिओचा वॉर्ड कुणी लिहिला नाही. काकू सांगायची, लोखंडी फुप्फुसात (श्वास चालवणारं पिंपासारखं यंत्र) पेशंट, बाहेर फक्त डोकं, वर आरसा लावलेला, त्यातून तो दार बघणार. त्या यंत्राच्या आवाजाची सवय व्हायची. भीती आवाज थांबायची. वीज गेली की हाताने भाता चालवायचा, आळीपाळीने. कोपनहेगनला 1952 च्या साथीत तर विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून हाताने हवेच्या पिशव्या दाबून, श्वास देऊन माणसं जगवली. 1955 ला लस आली, तेव्हा काकू रडली होती म्हणे.

उंटावरचा: हे वाचून मघाचा विनोद मागे घ्यावासा वाटला.

फुलपाखरू: आजीच्या ट्रेनिंगला लग्न झालेली चालत नसे. हिने गुपचूप केलं. हॉस्टेलला रात्री हजेरी, त्यामुळे नवरा दीड वर्ष भेटीच्या वेळेत "चुलतभाऊ" म्हणून यायचा. बाकी नंतर लिहिते, दारात कोणीतरी आलंय

रिकामटेकडा: चुलतभाऊ आला असेल.

चष्मिष्ट: 🤣🤣

(धागाकर्ती): सगळं वाचून दाखवलं. कवळ्यांवर हसली, "आमच्याही बॅचला" म्हणाली (उंटावरचा, चौथी घ्या). काकूंचं ऐकून गप्प झाली, माझा हात धरून ठेवला. बघते तर दोन बोटं मनगटावर, नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे. पुरा एक मिनिट. मग रागावली, की उशीच्या अभ्र्याचं उघडं तोंड दाराच्या उलट बाजूला हवं, खाटांची चाकं एका रेषेत हवीत, हे एकीनेही लिहिलं नाही. मेट्रन राउंडला आधी तेच बघायची.

जुनी सिस्टर: खरंच की! विसरलेच. त्यांना सांगा, चूक कबूल.

चष्मिष्ट: आत्ता उठून घरातल्या सगळ्या उशा फिरवल्या.