घर दोनदा बघा
उपनगरात वन बीएचके बघताना "भाडं कमी आहे ना, मग घेऊन टाका" हा सल्ला मला अर्धाच पटतो. स्टेशन लांब असेल तर वाचलेलं भाडं येण्याजाण्यातच जातं, वेळ जातो तो वेगळाच. घर एकदा कामाच्या गर्दीच्या वेळी आणि एकदा रात्री उशिरा बघा. नळ सोडून पाण्याचा जोर बघा, बेडरूममध्ये मोबाइलला रेंज येते का तेही. ताबा घेताना भिंतींवरची ओल, ओरखडे, मीटरचं रीडिंग यांचे फोटो काढून त्याच दिवशी घरमालकांना पाठवा. मी आळस केला होता. आधीपासूनच्या ओलीचे पैसे माझ्या डिपॉझिटमधून कापले गेले! करारात नोटिशीची मुदत दोघांनाही सारखीच आहे ना, हे वाचल्याशिवाय सही करू नका.