हेलिकॉप्टर नुसतं उभं राहण्याचे पैसे कोण देणार?

गिट्टीखदानकर: काल इथं कुणीतरी लिहिलं की ब्रिटननं हेलिकॉप्टरनं शोध-बचाव करण्याचं काम खासगी कंपनीला दिलं, विदर्भातल्या पुरासाठी आपणही टेंडर काढावं, वायुसेनेच्या तोंडाकडे किती दिवस बघायचं. वाचून झोप उडाली. मी 22 वर्षं वायुसेनेत मी-17 हेलिकॉप्टरवर तंत्रज्ञ होतो. टेंडर म्हणजे सगळ्यात कमी बोली. 25 जून 2013 ला केदारनाथच्या पुरात बचाव करताना गौरीकुंडजवळ आमचं मी-17 पडलं, 20 जण गेले. त्या दरीत तुमचा कंत्राटदार शिरला असता? पहिलं पत्र आलं असतं, “हवामान अटीत बसत नाही.”

बिलबाबू: लिहिणारा मीच. काका, त्या 20 जणांना नमस्कारच. पण त्याच वर्षी मार्चमध्ये ब्रिटननं ब्रिस्टो या हेलिकॉप्टर कंपनीशी 10 वर्षांचा करार केला, 1.6 अब्ज पौंडांचा. दिवसा 15 मिनिटांत हवेत, रात्री 45. आपल्याकडे जुलै 2023 च्या पुरात यवतमाळच्या महागाव तालुक्यात आनंदनगरला लोक अडकले, तेव्हा मी-17 साठी वरपर्यंत विनवण्या कराव्या लागल्या. मिनिटं कुणी मोजली का?

गिट्टीखदानकर: अर्धंच सांगता. ब्रिटनमधला आधीचा सौदा फेब्रुवारी 2011 मध्ये सरकारलाच गुंडाळावा लागला. बोली लावणाऱ्यांच्या हाती सरकारची गोपनीय माहिती लागली होती. आणि नव्या करारात 12 तळांचे 10 झाले, तेही लिहा की!

वऱ्हाडी ठेचा: अन् मी-17 उतरवता कुठं, बाप्पा? आमच्या मोहल्ल्यात विजेच्या तारा इतक्या लोंबतेत का पतंग बी अडकते.

डागा लेआउटवाली: इथं हेलिकॉप्टरवर भांडताय. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरात पूर आला तेव्हा माझ्या सासूबाई डायनिंग टेबलावर उभ्या होत्या, फ्रीज आडवा होऊन दारात अडकला होता. मी एका कार्यालयाला अकरा वेळा फोन लावला. अकराव्यांदा उचलला आणि विचारलं, “पाणी घरात आहे की अंगणात?” आम्हाला एसडीआरएफच्या (राज्य आपत्ती दलाच्या) बोटीनं काढलं. अंबाझरी तलावाच्या सांडव्यापुढं विवेकानंदांचं स्मारक उभारलं नसतं तर बोटही लागली नसती.

धरमपेठी: झालं, आलंच स्मारक! काही तासांत 100 मिलिमीटरच्या वर पाऊस पडला. त्याला पुतळा काय करणार?

डागा लेआउटवाली: पाणी अडवणार! हायकोर्टानं उगाच विचारलं का? तुमचं घर उंचावर आहे, म्हणून सुचतंय.

धरमपेठी: वैयक्तिक जाऊ नका ताई. नाग नदीत प्लास्टिक कोण टाकतं?

डागा लेआउटवाली: मी टाकते. रोज सकाळी, पूजा झाली की. समाधान?

वऱ्हाडी ठेचा: 😂 ताईनं इकेट काढली. पण धरमपेठीभाऊ, नदीच्या काठावर ले-आउट पाडले कोणं, ते बी सांगा ना.

(इथून पुढचे चौदा प्रतिसाद स्मारक, नाला आणि कोणत्या नगरसेवकानं काय खाल्लं यावर. ते वगळून वाचा.)

गिट्टीखदानकर: मूळ मुद्द्यावर येऊ का? ताई, तुमच्या गल्लीवर मी-17 आणलं असतं तर पंख्याच्या वाऱ्यानं शेजारच्या शेडचे पत्रे उडून बोटीतल्यांना लागले असते. एका पुरात गोठ्याचं छप्पर असं उडालेलं मी पाहिलंय, आत गाय होती. तिथं बोटच बरी.

बिलबाबू: म्हणजे हेलिकॉप्टर कधी वापरायचं नाही हे कळायलाही रोज तेच काम करणारी माणसं लागतात. माझा मुद्दा तोच होता काका. गडचिरोलीत भामरागडच्या गरोदर बाईला पोलिसांच्या हेलिकॉप्टरनं आणतात, पण ते घेतलं नक्षलवादासाठी. खास या कामासाठी ठेवलेलं कुठंय?

गिट्टीखदानकर: बरं, एवढं मान्य. पण मग सांगा, वर्षातून चार दिवस उडणाऱ्या यंत्राचे 361 दिवसांचे पैसे तुमची कंपनी कशातून काढणार?

बिलबाबू: ब्रिटनमध्ये बराचसा पैसा तयार राहण्याचाच असतो. उड्डाणाचे तास वेगळे. (आता माझीच पंचाईत सांगतो.) मी बिलं तपासतो. मागच्या उन्हाळ्यात पाऊस लवकर आला आणि एक टँकर तीन आठवडे नुसता उभा राहिला. त्याच्या बिलावर मीच लाल पेनानं लिहिलं, “खेपा शून्य, देयक कशाचे?” हेलिकॉप्टरचं बिल माझ्या टेबलावर आलं तरी तेच लिहीन.

गिट्टीखदानकर: वा! म्हणजे तुमच्या टेंडरला पहिला अडथळा तुम्हीच.

डागा लेआउटवाली: अकरा फोन केलेत मी, अकरा. आणि स्मारकाचं कुणीच बोललं नाही.